माझ्या प्रेताचा ताबा

मी सायलस न्याकुंदा, वय पंचाहत्तर, राहणार व्हेंगेरे वसाहत, रुसापे, धंदा बसदुरुस्ती, आता बंद, लिहून ठेवतो की माझी छाती गेली आहे, डोके गेलेले नाही. याची खात्री दवाखान्याच्या सिस्टर एमेल्दा यांनी आज सकाळी करून घेतली. देशात राज्य कसे चालले आहे, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, "डोकं तपासताय की मला तुरुंगात धाडताय?" त्या म्हणाल्या, डोके ठीक आहे.

मृत्युपत्राची घाई एवढ्याचसाठी की सत्ताधारी पक्षाची गाडी फाटकाबाहेर ठाण मांडून उभी आहे. परवा त्यातला एकजण टेप घेऊन माझी उंची मोजायला आला. मी स्वातंत्र्यलढ्यात होतो म्हणून मला म्हणे राष्ट्रवीर ठरवले आहे; राष्ट्रवीरांना राजधानीतल्या टेकडीवर पुरतात, आणि पेटीही राजधानीतच बनते. मी म्हटले, "अरे, मी अजून श्वास घेतोय!" तो म्हणाला, "घ्या की आजोबा, आम्हाला कुठं घाई आहे."

कलम एक. राहते घर माझी मुलगी चेनाई हिला. गोऱ्यांच्या राज्यात या घराचे भाडे भरले, आपल्यांच्या राज्यात हप्ते भरले, तेव्हा कुठे ते माझे झाले. पाने, जॅक, वेल्डिंगचे मशीन हेही तिलाच, कारण इंजिन उघडायला तीच शिकली. पोरीला घर कशाला, असे माझ्या चुलतभावाने म्हणू नये. म्हणायचेच असेल तर माझा हवेचा पंप आधी आणून द्यावा.

कलम दोन. गोठ्यातली तांबडी गाय रीतीप्रमाणे माझ्या आईच्या माहेरच्यांची आहे. ती वाटण्याचा मला हक्क नाही, आणि मी वाटतही नाही.

कलम तीन. लढ्याची पेन्शन मिळालीच नाही, तेव्हा तिचा प्रश्न उरत नाही. ती का मिळाली नाही ते मात्र लिहून ठेवतो. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच सभेत मी उठून सांगितले की माझा धाकटा भाऊ गारिकाई शत्रूच्या बॉम्बने मेला नाही. सीमेपलीकडच्या आमच्याच तळावर, आमच्याच कमांडरने त्याला सगळ्यांसमोर उभे करून गोळी घातली. त्याने एवढेच विचारले होते, "आम्ही पाला खातोय, मग तुमच्या तंबूतून मटणाचा वास कसा येतो?" तो कमांडर आज मोठा मंत्री आहे. राष्ट्रवीरांच्या टेकडीवर माझ्या पेटीपुढे भाषण तोच ठोकणार. माझ्या भावाला मारणाऱ्याने मला मूठमाती द्यायची आणि माझ्या मुलांनी हात जोडून त्याचे आभार मानायचे! नुसत्या विचाराने अंगाची लाही लाही होते.

कलम चार. म्हणून माझ्या प्रेताचा ताबा मी जोसाया चिपुंझा याला देतो. तो आमच्या घराण्याचा साह्विरा, म्हणजे अंत्यविधी पार पाडणारा पिढीजात मित्र आहे. त्याने हात लावल्याशिवाय आमच्यातला माणूस मातीत जात नाही, आणि त्याच्या शिव्यांचा राग कोणी धरायचा नाही. माझा निळा डगला, टोपी आणि काठी त्याला द्यावी. डगला-टोपी घालून, काठी टेकत त्याने रीतीप्रमाणे माझ्यासारखे लंगडावे, माझ्या आवाजात बोलावे, आणि ज्याची काढायची त्याची खरडपट्टी काढावी. मला गावी पुरावे. तिथे गारिकाईचे नुसते कपडे पुरले आहेत, त्यांच्या शेजारी.

प्रेत बळजबरीने नेलेच, तर जोसायाने टेकडीवर जावे, आणि मंत्र्याने तोंड उघडण्याआधी माझ्या आवाजात गारिकाईचा तो प्रश्न विचारावा. भर अंत्यविधीत साह्विऱ्याचे तोंड दाबणे म्हणजे केवढे पाप, हे मंत्र्यालाही कळते. त्याच्या शिपायांना कळते का, ते मला माहीत नाही.

हे जोसायाला वाचून दाखवले. तो म्हणाला, "मेल्या, जिवंतपणी माझी तंबाखू खाल्लीस, आता मेल्यावर मला गोळी खायला लावतोस?" उठताना म्हणाला, "डगला धुऊन ठेव. घाण वास मारतो." त्याला भीती वाटते. त्याच्यासाठी मलाही वाटते.

कलम पाच. माझा मुलगा तोंगई, उपमंत्री, याला मी काहीही देत नाही. रागाने नव्हे. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याची साक्ष धरत नाहीत, आणि मला त्याची साक्ष हवी आहे. उपमंत्र्याची सही असलेला कागद पोलिसांना सहजासहजी फाडता येणार नाही. तो आत्ता समोरच बसला आहे, चहाला शिवलेला नाही.

"बाबा, मी सही केली तर खुर्ची जाईल. कदाचित मीही जाईन."

"माहीत आहे, बाळा."

"मग माझ्याकडे कशाला मागता?"

"दुसऱ्या कोणाकडे मागू?"

पेन त्याच्यापुढे ठेवले आहे. जबरदस्ती नाही. त्याने सही न केल्यास शेजारच्या बेकरीवाल्याला बोलवावे. मग कागद खरा राहील, पण त्याला विचारणार कोणी नाही.

वरील सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले. कोणी सांगून लिहिलेले नाही, आणि कोणी सांगितले म्हणून बदलणारही नाही.

रुसापे, १८ सप्टेंबर २०१६
सही: सायलस न्याकुंदा

साक्षीदार पहिली: एमेल्दा चिवेशे, परिचारिका.

साक्षीदार दुसरा: तोंगई न्याकुंदा.
हुद्दा: उपमंत्री (हा शब्द साक्षीदाराने माझ्यासमोर स्वतः खोडला. ए. चिवेशे)
नाते: गारिकाई न्याकुंदा यांचा पुतण्या.