मागची सीट

३ जानेवारी

गाडी विकायची नाही. मी चालवणार!

मुलाला फोनवर एवढंच सांगितलं. तो म्हणाला, आई, तुझं वय— पुढचं मी ऐकलं नाही. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. लाइन कधी तोडायची ते मला कळतं.

गुडघा दुखतो म्हणून ह्यांनी पावसाळ्यात मोटारसायकल सोडली. तिच्याबरोबर घराबाहेर पडणंही सोडलं. वाचनालय नाही, मित्र नाहीत. खिडकीशी बसतात, रेडिओ ऐकतात. रिक्षा करू म्हटलं की मानेनंच नाही म्हणतात. खुर्चीत बसून माणूस झिजतो. डोळ्यांदेखत झिजतोय.

आमच्या कामगार संघटनेच्या प्रत्येक सभेला ह्यांनीच मला मागे बसवून नेलं. आता मी ह्यांना नेणार. साधा हिशेब.

५ जानेवारी

भाची शिकवायला आली. कुरिअरचं काम करते, दिवसभर गाडीवरच असते. बंद कारखान्यासमोरच्या मैदानात गेलो. गाडी सारखी बंद पडत होती.

"मावशी, क्लच सोडायचा असतो. फेकायचा नसतो."

६ जानेवारी

पडले. कोपर सोललं. पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घातला, विषय संपला.

९ जानेवारी

न्यूट्रल सापडत नाही.

पहिल्या आणि दुसऱ्या गिअरच्या मध्ये कुठेतरी असतो म्हणे. खाली दाबते — पहिला. वर उचलते — दुसरा. भाची म्हणाली, अर्धी लाथ मार. अर्धी म्हणजे कशी? मी कुठलीच गोष्ट आयुष्यात अर्धी केलेली नाही!

"तेच तर," ती म्हणाली. "सिग्नलला काय घोषणा देत उभी राहणार आहेस?"

तटस्थ लोकांवर मी तास तास बोलले आहे. कुंपणावर बसणारे, तळ्यात-मळ्यात करणारे, वारा येईल तशी पाठ फिरवणारे — एकालाही सोडलं नाही. संपाच्या काळात तर गेटवरच्या सभा ह्या एका विषयावर गाजवल्या. इतिहासात कोण कुठे गप्प बसलं, त्याची किंमत कुणी मोजली, सगळे दाखले तोंडपाठ. आणि आज भर उन्हात, घामानं निथळत, मी पायानं तोच तटस्थपणा चाचपत होते. टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. एक कुत्रं होतं, तेही उठून गेलं.

१० जानेवारी

सापडला. हिरवा दिवा लागला. लगेच हरवलाही.

२२ जानेवारी

बाजारापर्यंत गेले, परत आले. भाजीवाली म्हणाली, भाषण कुठे आहे आज? म्हटलं, आज नुसतीच मिरवणूक.

१ फेब्रुवारी

ह्यांना म्हटलं, चला, मागे बसा, वाचनालयात सोडते. नाही म्हणाले. का? "नाही म्हटलं ना."

मग मी बोलले. पुरुषी अहंकारावर. बायकोच्या पाठीमागे बसण्यात कसली लाज वाटते त्यावर. ही घरातली राज्यं कशी शेवटी कोसळतात त्यावर. भाषण मुद्देसूद झालं. मधे पाणीसुद्धा प्यायले नाही. ह्यांनी रेडिओचा आवाज वाढवला.

गुडघ्याबद्दल मात्र ह्यांच्या तोंडून अवाक्षर नाही. घरातला जिना तर तुरुतुरु उतरतात.

१४ फेब्रुवारी

पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. म्हणजे माझं निदान बरोबर आहे — अहंकारच. मी काय करते आहे मग? गाडी आली, माणूस आला नाही. हा खुर्चीतच संपणार असेल तर मी नुसती गावभर फेऱ्या मारणारी एक म्हातारी.

२६ फेब्रुवारी

परीक्षा दिली. आठाचा आकडा काढायचा होता. साहेब म्हणाले, आजी, पाय टेकवला की नापास. टेकवला नाही.

लायसन ह्यांच्या हातात दिलं. "फोटो छान आलाय," म्हणाले. मागची बाजू वर होती. चेष्टा करतात. करोत.

२ मार्च

आज भाषण केलं नाही. हेल्मेट ह्यांच्या मांडीवर ठेवलं आणि समोर बसून राहिले. शेवटी हेच बोलले.

"मागे बसणाऱ्यानं रस्ता बघायचा असतो. तू बघायचीस. अहो ट्रक, अहो खड्डा, अहो ती म्हातारी बघा. शेवटची दोन वर्षं मी तुझ्या ओरडण्यावर गाडी चालवली. मला धड दिसत नव्हतं. मग पावसाळ्यात एकदा तुझा घसा बसला. सभेहून येताना तू पूर्ण रस्ता गप्प होतीस. घरी कसे पोचलो मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी गाडी सोडली. आता तू चालवणार, आणि मागून मी काय सांगणार?"

गुडघ्याला काहीही झालेलं नाही.

३ मार्च

सकाळी डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. हे मागे बसले, दोन्ही हातांनी मला धरून. ट्रक, खड्डा, म्हातारी — सगळं मी पुढून ओरडून सांगत गेले.