तनुजा पास, बाकी सगळे रिजेक्ट

३ मार्च
कंपनीत आज ऑनलाइन प्रेमातल्या फसवणुकीवर लेक्चर. म्हणे पैसे मागतात, घाई करतात, व्हिडिओ कॉल टाळतात. सगळे माझ्याकडेच बघत होते. गाढव लेकाचे. बावीस वर्षं चाकणला क्वालिटीत आहे, केसाएवढी चीर सुटत नाही, बाई सुटेल? तनुजा व्हिडिओ कॉल करत नाही कारण तिच्या भावाने मोबाइल आपटून कॅमेरा फोडलाय. कारण लेखी घेतलं आहे.

५ मार्च, टी-ब्रेक
बुद्धभूषण म्हणाला, राव, फोटो कुणाचाही उचलतात. त्याच्या कानाखाली दिली. त्याने बुक्की घातली. ओठाला दोन टाके, चष्मा गेला. पंधरा वर्षांची मैत्री रिजेक्ट. रागावर ताबा ठेवायचा. उद्यापासून.

६ मार्च
भाऊ तनुजाला पट्ट्याने मारतो. तिच्या सुटकेसाठी चाळीस हजार पाठवले. आजच हवे होते. मार खाणारा माणूस घाई करणारच. मिनलला सांगितलं नाही. आई गेल्यापासून पोरगी फार संशयी झाली आहे.

९ मार्च
मार चालूच. आता पैसे बंद, रॉड. तनुजा भीतीने पत्ता देत नाही, पण फोटोत मागे चऱ्होलीतल्या बिल्डरचा बोर्ड आहे आणि बाल्कनीच्या ग्रिलचं वेल्डिंग वाकडं आहे. रजा टाकून बिल्डिंगी तपासल्या. चौदाव्या बिल्डिंगला तेच वेल्डिंग. दुसरा मजला.

१० मार्च, सकाळी
बेल वाजवली. दार भावानेच उघडलं. रॉड घातला. त्याचं खांद्याचं हाड मोडलं, समाधान वाटलं. तनुजा धावत आली. फोटोतलीच. चल म्हणालो. तिने कुकर माझ्या डोक्यात घातला. मग सोसायटीने मारलं. वॉचमनने दोनदा.

१२ मार्च
तो भाऊ नव्हे, नवरा. नाव रविराज. बाईंचं नाव प्राजक्ता, फोटो त्यांच्या फेसबुकवरून चोरलेला. मला आयुष्यात पाहिलेलं नाही म्हणाल्या. खऱ्या तनुजाचा फोन बंद आहे. भावाने कोंडलं असणार. मिनलने वकील केला म्हणून जामिनावर घरी. चौकीत तिने त्या बाईंचे पाय धरले. एवढं करायची गरज नव्हती.

१३ मार्च
मिनलने बॅग भरली. आत्याकडे, सुमनताईकडे निघाली. मी म्हणालो, एका बाईला मार पडत होता, गप्प कसा बसू? ती शांतपणे म्हणाली, "पप्पा, स्टॉपवर तो पोरगा वर्षभर माझा हात धरत होता. तेव्हा तुम्ही म्हणालात, दुर्लक्ष कर, बसची वेळ बदल."
आधी आठवेना. मग आठवलं. लाज वाटली. स्टॉपपर्यंत सोडतो म्हणालो. नको म्हणाली आणि एकटीच जिना उतरली.