बाळाचा पापा घेण्यास मनाई करणारी पाटी लावण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
प्रसूती रुग्णालय.

विषय : नवजात बाळाचा पापा घेण्यास मनाई करणारी पाटी प्रसूतिकक्षाबाहेर तातडीने लावण्याबाबत.

संदर्भ : १) याच विषयाचा माझा यापूर्वीचा अर्ज.
२) त्यावर आपल्या कार्यालयाचे तोंडी उत्तर, "पापा ही घरगुती बाब आहे."

महोदय,

संदर्भ क्र. २ मान्य नसल्यामुळे पुन्हा लिहीत आहे. प्रसूतिकक्षाबाहेरच्या बाकावर बसून लिहीत आहे आणि मधूनमधून उठून फेऱ्या मारत आहे, तरी अक्षर एकसारखे नाही याबद्दल राग नसावा.

१. मी बसस्थानकावर ध्वनिक्षेपकावरून सूचना देण्याचे काम करते. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागेल, कोणती रद्द झाली, कोणाचे मूल चौकशी खिडकीपाशी रडत उभे आहे, हे सगळे मी सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगते. मात्र खालील गोष्ट मला माझ्याच सासूबाईंना सांगता आलेली नाही, म्हणून आपल्याला सांगत आहे. ती गोपनीय ठेवावी.

२. मला हर्पिस आहे. नको त्या जागी पाण्याचे बारीक फोड येतात, काही दिवसांत सुकतात आणि पुन्हा कधी येतील ते सांगून जात नाहीत. आपल्या डॉक्टरबाईंनी शेवटच्या महिन्यात रोजच्या गोळ्या दिल्या. कळा सुरू होताना फोड नसेल आणि फोडाआधीची जळजळही नसेल, तर बाळ नेहमीच्या वाटेने येऊ शकते. असेल तर शस्त्रक्रिया करायची, असे त्यांनी नीट समजावले. एवढे ऐकून शहाण्या बाईला झोप लागली असती. मी मात्र कुठे जरा खाज सुटली की हातआरसा घेऊन स्वच्छतागृहात जाते. तिथे पोट मध्ये येते, काही दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणजे नाहीच, हे मनाला पटत नाही. आज सकाळी डॉक्टरबाईंनी तपासून सगळे ठीक आहे म्हणून सांगितले. त्यानंतरही मी आरसा घेऊन जाऊन आले.

३. आता मूळ मुद्दा. हा आजार बाळाला फक्त जन्मतानाच लागतो असे नाही. ओठावर असा फोड असलेल्या माणसाने तान्ह्या बाळाचा पापा घेतला तरी लागू शकतो आणि जिवावर बेतू शकतो. सासूबाईंच्या ओठाच्या कोपऱ्यात असा फोड अधूनमधून येतो. त्या त्याला उष्णता म्हणतात आणि वर गार पाणी पितात. परवा तो पुन्हा आला. त्यातून सासूबाई पापे घेण्याच्या बाबतीत कोणाच्या बापाला ऐकणाऱ्या नाहीत. माझ्या यजमानांना टक्कल पडले तरी त्यांची अजून सुटका झालेली नाही.

४. यजमानांनाही लहानपणापासून ओठावर तसाच फोड येतो. डॉक्टरबाईंच्या मते त्यांना तो बहुधा आईच्या पाप्यातून लागला आणि मला त्यांच्याकडून. म्हणजे आमच्या घरात हा आजार लाडातून आला आहे, कोणी वाकडे पाऊल टाकलेले नाही. हे मला ओरडून सांगावेसे वाटते आणि तेच सांगता येत नाही, कारण मग बोट सासूबाईंकडे जाते. उलट्यांच्या दिवसांत माझे भांडे त्यांनी धुतले आहे. त्यांना कोणत्या तोंडाने सांगू की तुमची माया जरा लांबच ठेवा? यजमानांना सांगायला लावले, तर ते "बघू" म्हणाले.

५. सबब पाटी हवी. माणूस पाटीवर चिडतो, सुनेवर नाही. गाडी रद्द झाली की लोक भोंग्याकडे बघून शिव्या देतात, आत बसलेल्या बाईला कोणी काही म्हणत नाही. मजकूर मीच तयार केला आहे : "कृपया लक्ष द्या. बाळाचा पापा कोणीही घेऊ नये. जवळच्या नातेवाइकांनी तर मुळीच घेऊ नये. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." पाटी लावणे शक्य नसल्यास दारावरच्या पहारेकऱ्याने आत जाणाऱ्या प्रत्येकाचे ओठ तपासावेत. तो नाहीतरी पिशव्या तपासतोच.

६. वरील मजकूर लिहिला आणि कळ आली. पलीकडच्या बाकावरून सासूबाई धावत आल्या, माझे डोके धरले आणि कपाळाचा पापा घ्यायला वाकल्या. त्याने मला काहीच झाले नसते, हे मला माहीत होते. तरी मी त्यांना हाताने लोटले. लग्नापासून आजवर असे कधी केले नव्हते. मग परिच्छेद २ ते ४ मध्ये जे आहे ते सगळे तोंडून बाहेर पडले आणि हळू बोलण्याची सवय नसल्यामुळे ते सगळ्या बाकांनी ऐकले. गोपनीयतेची विनंती त्यामुळे मागे घेत आहे.

सासूबाई ओठांवर हात ठेवून बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्यामुळे झालं का गं?"

मी म्हटले, "तुम्हाला कुठे माहीत होतं, आई."

"मग मला कोणीतरी धरून ठेवा. बाळ समोर आलं की मला भान राहत नाही."

मला रडू आले. त्यांनी नेहमीसारखे जवळ घेतले नाही, लांबूनच पाठीवर हात फिरवला, आणि ते मला फार लागले.

७. तरी हा अर्ज आता दोघींचा समजावा. पाटीवरची अक्षरे मोठी असावीत, कारण दुसऱ्या अर्जदाराचा चष्मा घरी राहिला आहे. फोड पूर्ण सुकेपर्यंत त्यांना तोंडाला बांधायला पट्टी मिळावी. पुढची कळ आली आहे. जळजळ नाही. पुन्हा सांगते, जळजळ नाही. तरीही डॉक्टरबाईंनी आणखी एकदा बघावे, एवढेच मागणे.

आपल्या नम्र, पण स्वस्थ बसू न शकणाऱ्या,

(सही) अर्जदार क्र. १, होणारी आई
(सही) अर्जदार क्र. २, होणारी आजी

दिनांक : आजचाच

सोबत : पाटीचा मजकूर. हातआरसाही कार्यालयात जमा करणार होते, पण तो सासूबाईंनी मागून घेतला. त्या ओठ बघत बसल्या आहेत.