बाबांच्या ठेक्याची फळी

विल्माताई,

हार्पेथ नदीचा पूर ओसरल्यावर आपल्या कंट्री गाण्यांच्या जुन्या हॉलमधल्या स्टेजच्या सगळ्या फळ्या मी उचकटल्या. बाबा चाळीस वर्षं बँजो वाजवताना टाचेनं ठेका धरायचे, त्यानं खळगा पडलेली फळीसुद्धा. गावानं बजावलं होतं, "ओडेल, तीच परत बसव. नवी टाकलीस तर आम्ही पाय ठेवणार नाही!"

भिजलेलं लाकूड सावकाश सुकू द्यावं, हे बाबांनीच शिकवलं. पण शनिवारी हॉल उघडायचं ठरलं. खालच्या तुळया ओल्या असतानाच मी फळ्या ठोकल्या, वर व्हार्निश मारलं आणि सगळ्यांना सांगितलं, "खडखडीत वाळलंय!" आता बाबांची ती फळी करकरते. काल तिचा एक खिळा नुसत्या बोटांनी निघाला.

शनिवारी तुझी टेसा तिथंच नाचणार आहे, नाल ठोकलेले बूट घालून. तिनं विचारलं, "मामा, मजबूत आहे ना?" मी म्हणालो, "हत्ती नाचव की!"

हे पत्र पोस्टात टाकायची छाती होत नाही, ताई. घडी घालून त्याच फळीखाली पाचरीसारखं सारतोय. शनिवारपुरती करकर तरी ऐकू येणार नाही.

तुझा भेदरलेला भाऊ,
ओडेल