जागेवरून उठायचं नाय

मंगळ., १३ जाने. पेण.
आज सव्वाअकराला मी रसिकाला फोनवर म्हणालो, "तुझ्यामुळे विकेट गेली." तिथून सगळं बदललं. तिने लगेच फोन ठेवला. नंतर स्विच ऑफ.

झालं ते असं. ऑस्ट्रेलियातली दुसरी वन-डे, आपली बॅटिंग. रविवारी पहिली जिंकलो तेव्हा मी कारखान्यात रंगाच्या उलट्या डब्यावर बसून गणपतींचे डोळे आखत होतो. म्हणून आज आमच्या मालकांनी, बाळाकाकांनी, सकाळीच डबा त्याच जागी मांडला. "उठायचं नाय. पानी प्यायला पन नाय."

आणि रसिकाचा फोन. या वेळी ती कधी करत नाही. उठून मागच्या पडवीत गेलो, तर आत ओरडा. दोन बॉलांत दोन विकेट. माझ्यासोबत रंगवणारा दिनेश ब्रश घेऊन दारात. "बोल, बोल. ऑल आउट करूनच ये." डोकं फिरलं. राग दिनेशवरचा, निघाला तिच्यावर.

हरलो. १–१.

बुध., १४. संक्रांत.
तिळगुळाचा मेसेज टाइप केला, पुसला. परत केला, परत पुसला.

परदेशी जाणाऱ्या मूर्तींचे डोळे याच आठवड्यात पुरे करायचेत. संध्याकाळी बाळाकाका एकीसमोर थांबले. "ह्या बाप्पाला काय केलंस रे? कोनावर चिडलाय?"

बघितलं तर खरंच. भुवया चढलेल्या, नजर मारकी. दिनेश म्हणाला, "नाकसुद्धा तुझ्यावर गेलंय." काकांनी माझा ब्रश काढून घेतला, डोळ्यांवर पांढरा मारला. "राग उतरला की आख. तोवर नाय."

कॉलेजही असंच सोडलं. दुसऱ्या वर्षी, प्रॅक्टिकलला सर काहीतरी बोलले, जर्नल टेबलावर आपटलं, निघालो. शेजारच्या टेबलावर रसिका. ती पास झाली, धाटावला कंपनीत लॅबला लागली. मी इथे. आणि आता तीही

शुक्र., १६. रोहा.
दांडी. धाटावला पहिली शिफ्ट सुटताना गेटसमोर उभा राहिलो.

"तीन दिवस लागले यायला?"
"फोन बंद होता तुझा."
"तुझे पाय बंद होते काय?"

मग सांगितलं. मंगळवारी तिची सुट्टी होती. घरी मॅच, तिच्या बाबांनी तिला कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवलेलं. त्यांच्याकडेही तेच. "उठू नको म्हणालेले. तरी मी उठले, गच्चीवर गेले. रविवारी चारला मला बघायला येतायत, ते तुला सांगायला. मुलगा इथलाच, कंपनीत पर्मनंट. आणि तू मला विकेट सांगतोस."

मी म्हणालो, "चुकलो." पुढे आपोआप तोंडातून गेलं, "म्हणजे दोघं उठलो, म्हणून दोन गेल्या."

हसली. थोडीच. लगेच गंभीर. "रविवारी तीनच्या आत घरी ये. बाबांना तूच सांग. ते म्हणतात, तो एका जागी टिकत नाय. आवाज चढवलास तर मी मधे पडणार नाय."

बस आली. खिडकीतून हात नाही केला. पण बघत होती.

शनि., १७.
तिच्या बाबांना काय सांगायचं, ते आरशासमोर बोलून बघितलं. "काका, मी…" पुढे जमत नाही. आई म्हणाली, कोणाशी बोलतोस रे?

कारखान्यात बाळाकाकांना विचारलं, ती मूर्ती आखू? म्हणाले, "उद्या."

रवि., १८. दीडच्या रोहा गाडीत. अक्षर हलतंय.
तिसरी वन-डे, जिंकेल त्याची सिरीज. आपण चेस करतोय. काम थोडंच, तरी कारखाना भरलेला. मी डब्यावर, समोर ती पांढऱ्या डोळ्यांची मूर्ती. पहिल्या दोन विकेट लवकर गेल्या, मग जोडी जमली. मी हललो नाही. उजवा डोळा आखून झाला तेव्हा एक वाजलेला.

एक डोळा आखून मूर्ती सोडत नाहीत. डावा घेतला. श्वास धरून, घाई न करता. मूर्ती शांत बघायला लागली. उठलो.

"बस खाली," काका टीव्हीवरून नजर न काढता.
"रोह्याला जायचंय."
"जोडी जमलीय रे. पंधरा ओव्हर ऱ्हायल्यात. संपल्यावर जा."
"तोवर उशीर होईल."

दिनेश म्हणाला, "हरलो तर पेणमध्ये परत येऊ नको. निदान डब्यावर ब्रश तरी ठेवून जा, तुझ्या जागी."

ठेवला. एरवी उलट बोललो असतो. काकांनी आता वळून मूर्तीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "शर्टाला रंग लागलाय," एवढंच.

उंबरा ओलांडला आणि आत मोठ्ठा ओरडा. विकेट की सिक्सर, कळलं नाही. वळलो नाही. पत्र्याचं दार मी कायम आपटतो, साऱ्या आळीला माहीत आहे. आज हळू ओढलं, नीट लावलं.