टेलपासूनची यादी

१८ नोव्हें. ९६, सोम.
माझा टाइपरायटर आज कपाटामागे गेला. सात वर्षं पाणी संस्थेच्या प्रत्येक आवर्तनाची, म्हणजे पाण्याच्या पाळीची, यादी मी त्याच्यावर काढली. कुणाच्या शेताला कोणत्या दिवशी किती तास पाणी, सगळं. आता कॉम्प्युटर. त्याला स्वतंत्र खोली, पंखा, शिवून घेतलेलं झबलं. दसऱ्याला त्याच्यापुढे नारळ फुटला. मी पूजा करत नाही, तेव्हा बाहेर बसून माझं मशीन पुसलं, तेल दिलं.
दारावर पाटी: चपला बाहेर. परवानगीशिवाय हात लावू नये.
वाचून अंगाची आग झाली. आमच्या घरात हे दुसरं वाक्य आजोबांपासून ऐकून आहे. बोलले मात्र काही नाही. रुसले, खरं तर. ऑपरेटर संजय, चेअरमन आबांचा भाचा, एका बोटानं टाइप करतो. करू दे.

२२ नोव्हें.
पहिली यादी निघाली. कर्र कर्र, कडेला भोकं असलेल्या कागदावर. सगळे बघायला गोळा. आबा म्हणाले, "आता मानसाची चूक न्हाई. ह्याच्यात वशिला चालत न्हाई."
वाचली. वरच्या शेतांपासून, म्हणजे हेडपासून सुरू. मागचं आवर्तनही हेडपासूनच झालं होतं. म्हणजे या वेळी खालून, टेलपासून हवं. एकदा वरून, एकदा खालून, हे संस्था निघाली तेव्हा जुन्या लोकांनी पारावर बसून ठरवलेलं. रजिस्टरात कुठंच लिहिलेलं नाही. मी एकाआड एक वेळी रजिस्टर शेवटाकडून वाचत टाइप करायचे, एवढंच. त्यांनी मशीनला रजिस्टर दिलं, पारावरचं बोलणं द्यायला कुणाला सुचलं नाही.
मला विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

६ डिसें.
वस्तीवर विहारात वंदनेला गेले. मग दादाकडे. त्याचं रान चारीच्या, म्हणजे शेतांपर्यंतच्या छोट्या पाटाच्या, अगदी टेलला. पाणी अलीकडच्या मोरीपर्यंत आलं आणि आवर्तन बंद. गहू पिवळा पडलाय.
दादा म्हणाला, "रंगनाथ पाटकऱ्याला इचारलं, पाटाचं दार त्योच उघडतो. म्हनतो, कॉम्प्युटरनं काढलंय, मी काय करू? मानूस असता तर भांडलो असतो गं."
वहिनी चुलीपाशी. मान वर न करता म्हणाली, "वन्सं, तुमी तिथंच बसता ना? तुमाला दिसलं न्हाई का?"
चहा तसाच ठेवून उठले. दिसलं होतं. माझ्या रुसण्यापायी भावाचा गहू गेला. लाज वाटते लिहायला, पण लिहिते.

९ डिसें.
आबांना सांगितलं. "नोंद दाखवा बाई." नोंद नाही. "आन् कॉम्प्युटरचं उलटंसुलटं करायचं म्हंजे नगरहून मानूस आनावा लागतो."
खरं असेल? मला माहीत नाही. त्यांनाही नसावं. पण ते चेअरमन आहेत, त्यांचं चालतं. माझं चालायला मला माहीत असावं लागेल.
शिकायचं. ठरलं.

१२ डिसें.
नवीन सभासदांची नावं घालताना संजय घामाघूम. म्हटलं, सरक. कळा आपल्याच मशीनसारख्या! दहा बोटांनी सुटले. तो बघत राहिला. "मावशी, हे मला कधी जमनार?" सौदा केला: मी नावं घालीन, तू मला बाकीचं शिकव. आबा जेवायला घरी गेले की.

२० डिसें.
चुकीची एक कळ दाबली नि अख्ख्या चारीची नावं पुसली गेली. दुपारी डबा न खाता पुन्हा घातली. उद्या परत.

२७ डिसें.
आज विचारलंच. यादी उलट्या क्रमानं निघते का?
"निघती की. ही कळ दाबायची."
मग काढली का नाहीस?
"कुनी सांगितलंच न्हाई."
पोरगा खोटं बोलत नाही. नगरचा माणूस नको, काही नको. एक कळ. मशीनवर राग काढायची सोय राहिली नाही. निम्मा दोष आबांचा, निम्मा माझा.

३ जाने. ९७
नोंद सापडली! टाइपरायटर ओढून काढला तर मागे माझाच गठ्ठा, सात वर्षांच्या याद्यांच्या कार्बन प्रती. एक वरून, एक खालून, एक वरून. प्रत्येकीवर आबांची सही. एवढी हसले की संजय आत डोकावला. त्याच्यासमोरच पुढच्या आवर्तनाची यादी काढली. टेलपासून. पहिलं नाव दादाचं.

६ जाने., सोम.
बैठक. टेलचे अकरा जण आले, दारात चपलांचा ढीग. हेडपासूनची आणि माझी टेलपासूनची, दोन्ही याद्या टेबलावर ठेवल्या, शेजारी कार्बनचा गठ्ठा.
आबा: "मशीनला हात कुनी लावला?"
मी लावला.
"परवानगी?"
मागितली नाही.
आबांनी कार्बन प्रती चाळल्या, स्वतःच्या सह्या बघितल्या. वरची शेतं त्यांच्याच भावकीची. "बघू," म्हणाले. रंगनाथ कोपऱ्यातून म्हणाला, "मला सही लागती. सही आसंल त्या यादीनं दार उघडीन."

८ जाने.
फळ्यावर दोन्ही याद्या. सही एकीवरही नाही. पाणी उद्या सकाळी सुटणार, आबा तिथं असणार.
संध्याकाळी वस्तीवर जाऊन वहिनीला महिन्यापूर्वीच्या प्रश्नाचं उत्तर दिलं: दिसलं होतं, रुसून गप्प बसले. ती भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "उद्या किती वाजता निघायचं?"
सहाला, म्हटलं. पाटाच्या दारावर.
पिशवीत टेलची यादी, कार्बनचा गठ्ठा आणि आबांसाठी एक पेन.