झुंबराचा दोर

आदरणीय दादा,

तुम्हाला साष्टांग नमस्कार. (तुमच्या बहिणीच्या मते मी सगळं अर्धवट करतो, म्हणून नमस्कार तरी पुरता केला आहे.) तुमची कंबर आता कशी आहे? वहिनींचा खोकला थांबला का? पुढे ‘इकडे सर्व ठीक’ असं लिहायची रीत आहे, पण इकडे काहीएक ठीक नाही. तुमची बहीण आठवडाभर तुमच्याकडे आहे आणि माझा फोन उचलत नाही. तिने तिची बाजू तिखटमीठ लावून सांगितलीच असेल. आता माझीही ऐका. तुम्ही जन्मभर आगीच्या बंबावर काम केलंत, नुसता धूर बघून पाण्याचा फवारा सोडणारे तुम्ही नव्हेत.

तर झालं असं. आमच्या लिफ्ट तपासणी खात्याने कर्मचाऱ्यांना सहकुटुंब सिनेमा दाखवायचं ठरवलं. साहेबांनी त्यांच्या लहानपणचा कुठलासा तलवारबाजीचा सिनेमा निवडला. सभागृहात पडदा लागला, मंडळी हौसेने नटूनथटून आली. सिनेमात काय नव्हतं! जहाजं, मुखवटे, टोकदार मिशीचा दुष्ट सरदार, सज्जात उभी राहून उसासे टाकणारी नायिका, आणि दार सताड उघडं असलं तरी खिडकीतूनच आत येणारा नायक. बायका पाच मिनिटांत त्याच्यावर फिदा. (खोटं कशाला बोलू, आमचे हिशेबनीसही.) त्याच्या दंडाला जरा खरचटलं तर टायपिस्टबाईंनी आपला रुमाल पुढे केला, पडद्याकडे! आणि आम्ही तपासनीस? आम्ही जहाजाची शिडी बघत होतो. तलवार नायकाच्या गळ्याशी आली, बायकांनी श्वास रोखले, आणि आमच्या रांगेतून आवाज आला की अहो, मागच्या जिन्याला कठडाच नाही.

मग आलं ते मेलं झुंबर. नायिकेचं लग्न त्या मिशीवाल्याशी बळजबरीने लावताहेत, इतक्यात हा येतो, झुंबराचा दोर तलवारीने तोडतो, झुंबर धाडकन खाली आणि दोराचं दुसरं टोक धरून हा सर्रकन वर, थेट तिच्या सज्जात. बायकांनी टाळ्यांनी सभागृह डोक्यावर घेतलं. आमच्यात मात्र जुंपली. झुंबराचं वजन केवढं, याचं केवढं, आणि एवढ्या वेगाने वर गेलेल्या माणसाचं टाळकं छताला आपटलं कसं नाही? साहेबांनी तो प्रसंग मागे घेऊन पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा. नायक बिचारा खाली-वर, खाली-वर, नायिका आपली दर खेपेला नव्याने आनंदित. शेवटी तो अधांतरी लोंबकळत असताना चित्र थांबवलं आणि साहेब खुर्चीवर चढून छताच्या कप्पीकडे बोट दाखवू लागले. (ती खुर्ची डुगडुगत होती, हे मात्र एकाही तपासनिसाच्या ध्यानात आलं नाही.)

नेमकी हीच वेळ साधून तुमच्या बहिणीने माझ्या कानाशी येऊन विचारलं, “अहो, माझ्यासाठी तुम्ही असे लटकला असता का?” किती हळू विचारलं होतं तिने, ते आता आठवतंय. तेव्हा माझे डोळे कप्पीवर होते. मी म्हणालो, “या दोराला? छे! आधी तपासणी, मग भार!” सिनेमा थांबलेला, सभागृह चिडीचूप, आणि माझा आवाज हा असा भसाडा. एकच हशा पिकला. साहेबांनी पाठ थोपटली आणि हे वाक्य कचेरीच्या भिंतीवर रंगवून घ्या म्हणाले. रंगवलंय, दादा. रोज त्याच्याखालून जावं लागतं. तिने मात्र पर्स उचलली, ती तडक तुमच्या घरी. मीही तिच्यामागे बाहेर धावलो, त्यामुळे त्या सिनेमाचा शेवट काय झाला, ते आम्हा दोघांनाही ठाऊक नाही.

बरं, माझं उत्तर चूक होतं का? कुठल्याही तपासनिसाला विचारा, शंभर टक्के बरोबर होतं. पण बरोबर असूनही करमत नाही, त्याला काय करू? घर नुसतं खायला उठतं. चहा टाकतो तो दोघांचा, आणि तिचा कप गार झाला की तोही मीच पितो. तिच्याशिवाय मला राहवत नाही, एवढंच तिला सांगायचं होतं, तर ती फोन उचलत नाही. असो. सर्वांना यथायोग्य सांगावं.

तुमचा (अजून तरी) मेहुणा

ता. क. : पत्राचं खरं कारण राहूनच गेलं. रविवारी सकाळी मी येतोय. दारातून नाही. निवृत्त होताना तुम्हाला अग्निशमन दलाने भेट दिलेली ती लांब शिडी तिच्या खिडकीला लावून ठेवा, आणि खिडकीची कडी वहिनींना गुपचूप काढून ठेवायला सांगा.

आणखी एक : खाली गादी टाकाल का? दोन असल्या तर फारच बरं. शिडीच्या पायथ्याशी तुम्ही स्वतः उभे राहिलात तर सोन्याहून पिवळं. मला उंचीची भयंकर भीती वाटते. (आमच्या खात्यात कुणाला माहीत नाही. मी लिफ्ट तळमजल्यावरूनच तपासतो.)

शेवटचं : गाद्यांबद्दल तिच्याकडे अवाक्षर काढू नका. तिने विचारलंच, तर एवढंच सांगा की ते शिडी न तपासता चढताहेत. (तुम्ही मात्र तपासून ठेवा.)